चर्चची पायरी आणि देशाचा कायदा

रविवारच्या दुसऱ्या मिस्सेची घंटा झालेली असते. चर्चच्या आवारात एक रिक्षा येऊन थांबते. आतल्या गृहस्थांचे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओने गेलेले. चार तरुण पुढे होतात, प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट त्यांना उचलतात आणि सात पायऱ्या चढून आत नेऊन बसवतात. पाहणाऱ्यांची मने भरून येतात. "आपल्या पोरांवर चांगले संस्कार आहेत हो," असे कोणीतरी म्हणते, आणि ते खरेही असते. हे दृश्य आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आणि त्याबद्दल देवाचे आभारही मानत आलो.

एका रविवारी मिस्सा संपल्यावर ते गृहस्थ मुलांची वाट पाहत एकटेच बसले होते. आम्ही त्यांच्याजवळ जाऊन बसलो. ते शांतपणे म्हणाले, "मुले गुणी आहेत. त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण मुसळधार पाऊस असला की ती येत नाहीत, क्रिकेटचा सामना असला की येत नाहीत, आणि मग माझा रविवार बुडतो. आपल्याला वाटले म्हणून एखाद्या आडवारी, एकट्याने, या देवळात येऊन पाच मिनिटे बसावे, हे मला जन्मात जमलेले नाही. तुम्हांला जमते ना?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. पुढे त्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते ऐकायला गोड नाही, हे आधीच सांगतो.

कायद्याच्या व्याख्येत आपण

आपल्यापैकी बहुतेकांची अशी समजूत असते, की अपंगांसाठी जो काही कायदा आहे तो सरकारी कचेऱ्या, रेल्वेस्थानके आणि नोकऱ्यांतील राखीव जागा यांच्यापुरता. चर्चचा त्याच्याशी काय संबंध? तर तो असा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्यात 'सार्वजनिक इमारत' या शब्दाची व्याख्या दिलेली आहे. जनतेची जा-ये असलेली इमारत, मग ती सरकारी असो वा खासगी, या व्याख्येत येते. त्यात शाळा येते, दवाखाना येतो, कामाची जागा येते आणि धार्मिक कार्यासाठी वापरली जाणारी वास्तूही स्पष्ट शब्दांत येते. म्हणजे आपले चर्च आले, धर्मग्रामाचे सभागृह आले, आपल्या संस्थांची विद्यालये आणि रुग्णालये आली.

याच कायद्याचे ४५ वे कलम सांगते, की अस्तित्वात असलेल्या सर्व सार्वजनिक इमारती नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांच्या आत अपंगांना वापरता येतील अशा करावयाच्या. नियम जून २०१७ मध्ये जाहीर झाले. पाच वर्षे जून २०२२ मध्ये सरली. राज्यांना मुदतवाढ देण्याची सोय कायद्यात आहे. पण ती सोय तयारीला वेळ मिळावा म्हणून आहे, झोपण्यासाठी नाही. या काळात आपल्या किती धर्मग्रामांत वेदीचा संगमरवर बदलला, घुमटाला रंग दिला, ध्वनिक्षेपणाची नवी यंत्रणा बसविली? आणि त्याच खर्चात पायऱ्यांच्या कडेने एक उतार बांधावा, हा ठराव किती पालकीय परिषदांपुढे आला? वाचकांनी आपापल्या धर्मग्रामापुरते उत्तर मनाशी द्यावे.

काही ठिकाणी 'रॅम्प' आहे, असे सांगण्यात येते. तो पाहावयास आम्ही गेलो, तेव्हा पायऱ्यांवर टाकलेली लोखंडी फळी दिसली. तीवरून मोटारसायकल चढते. मान्य प्रमाण असे, की दर एक फूट उंचीला उतार बारा फूट लांब हवा. सहा इंचांच्या सात पायऱ्या म्हणजे साडेतीन फूट उंची, आणि साडेतीन फुटांसाठी बेचाळीस फुटांचा उतार, शिवाय कठडा, शिवाय वळणावर थांबायला सपाट जागा. एवढ्या उतारावरून माणूस आपल्या हातांनी आपली खुर्ची चालवीत वर येतो. त्या फळीवरून त्याला पुन्हा चौघांनी ढकलावेच लागते.

हा कायदा आकाशातून पडला नाही

कायदा करणाऱ्यांनी तो आपण होऊन दिला, असे समजणे ही दुसरी चूक. १९८१ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी अपंगांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. आपल्याकडे त्या वर्षी भाषणे पुष्कळ झाली, पण कायदा व्हायला आणखी चौदा वर्षे जावी लागली. तोही सहज झाला नाही. डिसेंबर १९९५ मध्ये संसदेचे अधिवेशन संपत आलेले, गोंधळात कामकाज बुडत चाललेले, आणि अपंगांचे विधेयक पुन्हा मागे पडणार अशी चिन्हे होती. तेव्हा अपंग कार्यकर्ते दिल्लीच्या थंडीत निदर्शनांना उतरले. त्यांच्या अग्रभागी चाकांच्या खुर्चीतील एक तरुण होता, जावेद अबिदी. विधेयक त्याच अधिवेशनात संमत झाले आणि ७ फेब्रुवारी १९९६ पासून कायदा अंमलात आला.

त्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखल्या. पण रस्ते, वाहने आणि इमारती यांविषयीच्या कलमांत एक शेपूट जोडलेले होते: शासनाने हे सर्व आपल्या 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' करावे. ज्यांनी सरकारी कचेऱ्यांत खेटे घातले आहेत त्यांना या शब्दांचा अर्थ सांगावयास नको. या एका शेपटाच्या आडोशाला वीस वर्षे पायऱ्या जशाच्या तशा राहिल्या. जानेवारी २००१ मध्ये चाकांच्या खुर्चीतील जगद्विख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले. तेव्हा अबिदींच्या पाठपुराव्यामुळे कुतुबमिनारासारख्या ऐतिहासिक वास्तूंत त्यांच्यासाठी घाईघाईने लाकडी उतार टाकण्यात आले. पाहुण्यासाठी जे चार दिवसांत होते, ते घरच्या माणसासाठी वर्षानुवर्षे होत नाही. क्षमता आहे की नाही, हा प्रश्न तेथेच निकालात निघाला.

म्हणून कायदा पुन्हा लिहावा लागला. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी अपंगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला, पण त्याला अनुरूप विधेयक राज्यसभेत यायला फेब्रुवारी २०१४ उजाडले. त्यानंतर ते संसदेच्या स्थायी समितीकडे गेले, समितीने आपला अहवाल २०१५ मध्ये दिला, आणि डिसेंबर २०१६ मध्ये दोन्ही सभागृहांनी विधेयक संमत केले. जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस झाले; स्वमग्न मुलांचे आईबाप, थॅलेसेमियाचे रुग्ण, आम्लहल्ल्यात होरपळलेल्या स्त्रिया प्रथमच त्यात आल्या. परंतु वाटेत काही गळलेही. २०१४ च्या मसुद्यात राखीव जागा ५ टक्के होत्या, त्या ४ झाल्या. कायद्याच्या तरतुदी मोडणाऱ्यास मसुद्यात तुरुंगवास होता, तेथे केवळ दंड उरला. आणि भेदभावाला बंदी करणाऱ्या कलमातच एक वाट ठेवली गेली: एखादे न्याय्य उद्दिष्ट साधण्यासाठी ते प्रमाणशीर साधन असेल, तर भेदभाव चालेल. न्याय्य काय आणि प्रमाणशीर किती, हे ठरविण्यासाठी अपंगाने आता वकील लावावा!

कायदा झाला म्हणजे काम संपले, असेही नाही. जुलै २०२० मध्ये सारा देश महामारीने घरात कोंडलेला असताना, या कायद्यातील शिक्षेची कलमे सौम्य करण्याचा प्रस्ताव केंद्राच्या संबंधित विभागाने पुढे केला. अपंगांच्या संघटनांनी देशभरातून हरकती घेतल्या आणि काही दिवसांतच तो मागे घ्यावा लागला. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी या दृष्टिहीन याचिकाकर्त्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की सुगमतेविषयीचा नियम केवळ मार्गदर्शक सूचनांवर भागवितो, आणि कायद्याला तर बंधनकारक मानके अभिप्रेत आहेत. ती मानके तीन महिन्यांत तयार करावीत, असेही न्यायालयाने बजावले. मूळ याचिका होती २००५ सालची. एका माणसाला 'करावे' या शब्दाच्या जागी 'केलेच पाहिजे' हे शब्द मिळवावयास एकोणीस वर्षे लागली.

या साऱ्या काळात, वाचकहो, आपण कोठे होतो? स्थायी समितीपुढे विधेयक होते तेव्हा आपल्या किती धर्मग्रामांतून एक पोस्टकार्ड तरी गेले? आम्हीही लिहिले नाही. आम्हांस ते विधेयक आहे हेच ठाऊक नव्हते.

आंदोलन आम्हांस येत नाही, असे नाही

आपला समाज भाबडा आहे, त्याला मोर्चे आणि निवेदने जमत नाहीत, असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. वसईच्या विहिरी, बागा आणि शेते वाचविण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हाकेला ओ देऊन हजारो माणसे रस्त्यावर उतरली. बायाबापड्यांनी उन्हातान्हात ठिय्या दिला. विकास आराखडा म्हणजे काय, हरकत कोठे आणि किती दिवसांत नोंदवावयाची असते, हे आमच्या शेतकऱ्याला पाठ झाले. शाळांच्या प्रश्नावर आम्ही संविधानाचे ३० वे कलम तोंडपाठ म्हणतो आणि अल्पसंख्याकांचे हक्क मागावयास सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातो. तेव्हा हक्काची भाषा आम्हांस उत्तम येते. ती भाषा आम्ही आमच्यातल्याच अपंगांसाठी कधी बोललो नाही, एवढेच.

का बोललो नाही? कारण त्यांच्यासाठी आमच्याकडे दुसरी भाषा तयार होती, दयेची. मिशनऱ्यांनी आणि धर्मभगिनींनी या देशात अंधांच्या, मूकबधिरांच्या शाळा काढल्या, कुष्ठरोग्यांच्या जखमा धुतल्या, जेव्हा सरकारला त्याची आठवणही नव्हती. त्या कार्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण त्या पुण्याईवर आम्ही आज किती दिवस जगणार? नाताळात अपंगांच्या आश्रमात केक वाटून येणारा आमचा युवक संघ, आपल्याच धर्मग्रामातील मूकबधिर मुलाला उपदेशातला एक शब्दही कळत नाही, याची दखल घेत नाही. सांकेतिक भाषा जाणणारा एक माणूस वेदीच्या बाजूला उभा करावयास किती खर्च येतो? दयेला पात्र शोधावे लागते आणि पात्राने नम्र असावे लागते. हक्क मागणारा अपंग आम्हांस उद्धट वाटतो, याचे कारण हेच.

आक्षेप आणि उत्तरे

याविषयी आम्ही अनेकांशी बोललो. जे आक्षेप ऐकावयास मिळाले, ते येथे नोंदवितो.

पहिला आक्षेप: "आपल्या धर्मग्रामात असे दोनचारच लोक आहेत." २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. पाच हजारांच्या धर्मग्रामात या हिशेबाने शंभरावर माणसे हवीत. मिस्सेला दोनचारच दिसतात, तर उरलेली कोठे आहेत? ती घरात आहेत, पायऱ्यांच्या पलीकडे. ती येत नाहीत म्हणून उतार नको, आणि उतार नाही म्हणून ती येत नाहीत. शिवाय गुडघे झिजलेल्या आपल्या आया आणि आज्या यांना कोणत्या गणनेत धरावयाचे? त्या कठड्याला धरून एकेक पायरी चढतात, आणि एक दिवस यावयाच्या थांबतात. मग पहिल्या शुक्रवारी फादर त्यांच्यासाठी ख्रिस्तप्रसाद घरी नेतात. घरी येणारा ख्रिस्तप्रसाद मोठा आधार आहे. परंतु देवळात जाण्याची इच्छा असलेल्या माणसाला घरीच बसविण्याचे ते निमित्त होऊ नये.

दुसरा आक्षेप: "चर्चच्या वास्तूत सरकारने का लुडबुड करावी?" या संदर्भात अमेरिकेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १२ मार्च १९९० रोजी वॉशिंग्टनमध्ये सुमारे साठ अपंग माणसांनी आपल्या खुर्च्या आणि कुबड्या खाली ठेवल्या आणि संसदभवनाच्या पायऱ्या ती सरपटत चढली. त्याच वर्षी जुलैत तेथे अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. सार्वजनिक जागांविषयीच्या त्याच्या भागातून धार्मिक संस्थांना आणि प्रार्थनास्थळांना वगळण्यात आले. तशी सूट मिळावी म्हणून काही धार्मिक संघटनांनी आधी खटपटही केली होती. ज्या दारी सर्वांना आधी प्रवेश मिळावयास हवा, तेच दार कायद्यातून सुटले. भारताच्या कायद्याने ही सूट दिलेली नाही. आमच्या मते हा आमचा अपमान नसून सन्मान आहे. या देशाच्या संसदेने देऊळ, मशीद आणि चर्च यांना जनतेच्या जागा मानले. आम्ही मात्र ती जागा आमची खासगी समजून बसलो आहोत.

तिसरा आक्षेप: "ख्रिस्तसभेची शिकवण आहेच, कायदा कशाला?" शिकवण आहे, हे खरे. अपंग वर्षाच्या निमित्ताने मार्च १९८१ मध्ये व्हॅटिकनने स्वतंत्र पत्रक काढले आणि अपंग व्यक्तीला समाजाच्या जीवनात पूर्ण सहभाग मिळावा, असा आग्रह धरला. पण ख्रिस्तसभेलाही आपले नियम बदलावे लागले आहेत, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. १९१७ च्या धर्मसंहितेत देहातील व्यंग हा पौरोहित्याच्या मार्गातील अडथळा होता. १९८३ च्या संहितेने तो काढून टाकला. ते पुरेसे न्याय्य नाही असे कोणाला तरी आधी वाटले, कोणीतरी ते मांडले, तेव्हाच संहितेतील ओळ बदलली. नियम बदलविणे हे धर्मबाह्य काम आहे असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. तसेच, वर उल्लेखिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर व्हॅटिकनने सही केली नाही, हे काही जण आम्हांस ऐकवतात. ती हरकत प्रजनन आरोग्याविषयीच्या शब्दरचनेपुरती होती आणि ती उघडपणे मांडली गेली होती. त्या करारात पन्नास कलमे आहेत. एका मुद्द्यावरच्या मतभेदाची ढाल करून चर्चच्या पायऱ्या वाचविता येणार नाहीत.

चौथा आक्षेप पैशांचा. त्याला आम्ही उत्तर देणार नाही. फेस्ताच्या रोषणाईचा आणि बँडचा हिशेब प्रत्येक धर्मग्रामाच्या वहीत लिहिलेला असतो. तो उघडून पाहावा.

छप्पर उकलणारे चौघे

कफर्णहूम येथे एका पक्षाघाती माणसाला चौघांनी खाटेवर घालून येशूकडे आणले, ही मार्कच्या शुभवर्तमानातील कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आमच्या धर्मग्रामातील त्या चार तरुणांची तुलना उपदेशात नेहमी या चौघांशी केली जाते. पण ती कथा पुन्हा नीट वाचावी. दारात गर्दी होती, आत शिरावयास वाट नव्हती. तेव्हा त्या चौघांनी घराचे छप्पर उकलले आणि मित्राला आत सोडले. येशूने त्यांना छप्पर मोडल्याबद्दल बोल लावल्याचे कोठे लिहिलेले नाही. त्याला त्यांचा विश्वास दिसला. इमारत जपून माणूस बाहेर ठेवण्याचा विचार त्या चौघांच्या मनाला शिवला नाही. आमचे तरुण मात्र इमारतीला हात न लावता दर रविवारी माणूस उचलतात, आणि आम्ही वडीलधारी त्यांना तेवढ्यावरच शाबासकी देतो.

तेव्हा आमचे मागणे स्पष्ट आहे. प्रत्येक पालकीय परिषदेने येत्या बैठकीत आपल्या चर्चची, शाळेची आणि सभागृहाची मोजणी करावी: पायऱ्या किती, दाराची रुंदी किती, चाकांची खुर्ची शिरेल असे शौचालय आहे की नाही, पापनिवेदनाच्या जागेपर्यंत खुर्ची पोहोचते की नाही. ही मोजणी करावयास एक तरी अपंग व्यक्ती असावी. तिच्यावाचून केलेली मोजणी आम्ही मानणार नाही. नवे बांधकाम करताना आराखड्यावर सही करण्यापूर्वी हे पाहावे, कारण सुगमतेची मानके पाळल्यावाचून इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, असे हाच कायदा सांगतो. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या निधीचा ५ टक्के भाग अपंगांवर खर्च करावयाचा असतो. तो कोठे गेला, हा प्रश्न ग्रामसभेत आणि नगरसेवकाला आपल्यापैकीच कोणीतरी विचारला पाहिजे.

आणि शेवटचे, सर्वांत महत्त्वाचे. नवे नियम, दुरुस्त्या, विधेयके येतच राहतील. त्यांवर हरकती आणि सूचना मागविणारी सूचना शासन काढते आणि तिची मुदत बहुधा थोड्या दिवसांची असते. विहिरींसाठी जे डोळे राजपत्राकडे लागलेले असत, ते यासाठीही लागले पाहिजेत. प्रत्येक धर्मग्रामात दोन वकील, एक अभियंता आणि अपंग असलेली दोन माणसे यांची लहानशी समिती पुरेशी आहे. आमदार आणि खासदार मते मागावयास फेस्ताला येतात. त्यांना हार घालण्यापूर्वी हा एक प्रश्न विचारता येईल.

ज्या गृहस्थांच्या प्रश्नाने आम्हांस हे सर्व शोधावयास लावले, त्यांना हा लेख आम्ही छापण्यापूर्वी वाचून दाखविला. ऐकून ते हसले. "फार लांब लिहिलेत," ते म्हणाले, "बेचाळीस फूट सिमेंटसाठी." मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "बैठक कधी आहे? आणि ती वरच्या मजल्यावर तर नाही ना?"

बैठक वरच्या मजल्यावर होती. या वेळी ती खाली, आवारात, आंब्याच्या सावलीत घ्यावी, असे पत्र आम्ही दिले आहे.